जमिनीवरचा सजदा

हैदराबादच्या सर्जनसाहेबांनी पहिल्याच भेटीत विचारले, "किती किलो कमी करायचे आहेत?" मी आकडा ठरवून गेलेच नव्हते. तोंडातून निघून गेले, "डॉक्टरसाहेब, मला खुर्ची सोडायची आहे. जमिनीवर सजदा करायचा आहे." ते क्षणभर थांबले आणि वजनाच्या रकान्याखाली त्यांनी तेच लिहून घेतले. पुढे प्रत्येक तपासणीला ते आधी सजद्याचे विचारत आणि मग काट्यावर उभे करत.

ही गोष्ट नोव्हेंबर 2022 ची. तेव्हा माझे वजन 112 किलो आणि उंची पाच फूट होती. उंची-वजनाचा हिशेब, ज्याला बीएमआय म्हणतात, तो 48 भरला. आज तीन वर्षांनी माझे वजन 71 किलो आहे. पण हा लेख किलोंचा नाही. शरीर काय काय करायचे विसरले होते आणि त्यातले काय काय परत शिकले, त्याचा आहे. आपल्या घराघरांत माझ्यासारख्या बहिणी आहेत, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहिते आहे.

मी इस्लापूरची. किनवट तालुक्यातले हे आमचे गाव, नांदेडपासून शंभर किलोमीटरच्या पुढे-मागे. घरी शिलाईचे काम करते. तिसऱ्या बाळंतपणानंतर थायरॉइड निघाला, मग शुगर निघाली. मशीनवर दिवस-दिवस बसणे, रात्री उशिरा जेवण, लग्नसराईत बगारा-दालचा. वजन चढत गेले. वजन एका दिवसात वाढत नाही, तशी ताकदही एका दिवसात जात नाही. एकेक गोष्ट सुटत जाते आणि आपण तिच्याशिवाय जगायची सवय करून घेतो.

आधी मांडी घालून बसणे सुटले. मग वुजू करताना पाय धुणे अवघड झाले. पोट मध्ये यायचे, हात घोट्यापर्यंतही पोहोचायचा नाही. मी लोट्याने पाणी ओतायची आणि माझी धाकटी मुलगी माझ्या पायाच्या बोटांमधून बोट फिरवायची. ती सात वर्षांची होती. तिला तो खेळ वाटायचा, मला मात्र मान वर करवत नसे. 2018 पासून नमाज खुर्चीवर आली. गुडघे वाकत नव्हते आणि सजद्यात गेले की पोट छातीवर चढून श्वास कोंडायचा, घशाशी आंबट पाणी यायचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. खुर्चीवरची नमाज कमी दर्जाची, असे मला मुळीच म्हणायचे नाही. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना आजार होता. त्यांना प्रेषितांनी (स.) उभे राहून, ते जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढायला सांगितले, ही हदीस आपल्याला माहीत आहे. दीनने सवलत दिली आहे आणि तीही रहमतच आहे. पण माझ्या मनाला एक प्रश्न टोचत होता. ही मजबुरी अशी होती का, की जिच्यावर इलाजच नाही? की इलाज होता आणि मीच तो शोधला नव्हता?

दस्तरखानही सुटले. घरचे सगळे खाली बसायचे आणि माझे ताट टेबलावर. लग्नात बायका एका ताटाभोवती बसल्या की मी वाढायचे निमित्त काढून उभी राहायची. हिमायतनगरला जाताना काळी-पिवळीवाला माझ्याकडे एकदा आणि सीटकडे एकदा बघायचा आणि दोन सीटचे पैसे मागायचा. मी न बोलता द्यायची. पुढे पुढे गावाबाहेर जाणेच बंद केले.

पण हे सगळे मी सहन करून घेतले असते. सहन झाले नाही ते अम्मीच्या वेळचे.

2020 च्या हिवाळ्यात अम्मीचा इंतकाल झाला. तिला गुसल द्यायची वेळ आली. मी तिची थोरली मुलगी. गुसल देणे म्हणजे मय्यत डाव्या-उजव्या कुशीवर वळवणे, तख्त्यावर वाकून हात चालवणे, पाणी घालणे, पुसणे, पुन्हा उचलून कफनावर घेणे. बायकांनी मला आत घेतले, पण मी वाकले आणि दोन मिनिटांत धाप लागून भिंतीला टेकले. जागा आधीच अरुंद. कोणीतरी प्रेमानेच म्हणाले, "आपा, तुम बाहर बैठो, गिर जाओगे." मला बाहेर खुर्ची दिली. बाईच्या कफनात पाच कापडे असतात. ती मी खुर्चीवर बसून मापाने फाडून दिली. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे बेतले, अम्मीसाठी मला तेवढेच करता आले. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मी बाहेर बसले होते.

त्या दिवसानंतर मी वजनाचा विचार दिसण्याच्या बाजूने करणे सोडून दिले.

पथ्य केले, चालले. नऊ किलो उतरले आणि अकरा चढले. गुडघ्यांमुळे चालणे थांबायचे आणि चालणे थांबले की वजन वाढायचे. शेवटी नांदेडच्या शुगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला.

घरात भूकंपच झाला. सगळ्यांना इमान अहमद आठवली. इजिप्तची ही तरुणी फेब्रुवारी 2017 मध्ये विमानाने मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणली होती. तिचे वजन 500 किलोच्या आसपास सांगितले जात होते. मार्चमध्ये ऑपरेशन झाले, वजन पुष्कळ उतरले, मे महिन्यात तिला अबुधाबीला नेले आणि 25 सप्टेंबर 2017 रोजी, वयाच्या 37 व्या वर्षी, तिचा तिथे इंतकाल झाला. आमच्या सासूबाईंनी हे सगळे टीव्हीवर पाहिले होते. त्या म्हणाल्या, "वह बच्ची गई ना? तेरेकु भी जाना है क्या?" मी डॉक्टरांना हेच विचारले. ते म्हणाले, तिची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षे ती अंथरुणाला खिळलेली होती, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, हृदय आणि मूत्रपिंडे थकली होती. तिच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधता येत नाही. आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींनीही 2011 मध्ये मुंबईत वजनाचे ऑपरेशन करून घेतले, हे त्यांनी स्वतः लोकांना सांगितले आहे आणि आज ते देशभर फिरत आहेत, असे मुलांच्या अब्बूंनी सासूबाईंना सांगितले. त्यांचे फारसे समाधान झाले नाही, पण विरोध जरा कमी झाला.

दुसरा प्रश्न दीनचा होता. अल्लाहने दिलेल्या शरीरात काटछाट करावी का? मी आमच्या ओळखीच्या आलिमसाहेबांना घरच्यांसमोर विचारले. ते म्हणाले, केवळ शोभेसाठी असेल तर सोडून दे. पण आजार असेल, भरवशाचे डॉक्टर गरज सांगत असतील आणि नुकसानापेक्षा फायदा जास्त असेल, तर हा इलाजच आहे. इलाज करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

तिसरा प्रश्न पैशांचा आणि तो सगळ्यांत कठीण. आम्ही दोघांनी सात वर्षे उमऱ्यासाठी पैसे साठवले होते. काही भिशीचे, काही शिलाईचे. आमच्याकडे आरोग्य विमा नव्हता. 2019 च्या नियमांप्रमाणे विमा कंपन्या ठराविक अटींवर हे ऑपरेशन देतात. बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त, किंवा 35 च्या पुढे आणि सोबत शुगर, हृदयविकार असा गंभीर आजार, अशी ती अट आहे. आम्हाला हे उशिरा कळले. उमऱ्याचा डबा रिकामा करताना मी रडले. मुलांचे अब्बू म्हणाले, "तवाफ करायला आधी पाय लागतात." मग मी गप्प बसले.

जानेवारी 2023 मध्ये ऑपरेशन झाले. त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी उरते. बायपासमध्ये जठराचा वरचा लहान अंड्याएवढा भाग वेगळा करून तो आतड्याला पुढे जोडतात. अन्न बाकीचे जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जाते. स्लीव्हनंतर छातीतली जळजळ वाढू शकते. मला ती आधीच खूप होती आणि शुगरही होती, म्हणून माझे बायपास झाले. दोन्ही प्रकारांत फक्त पोट लहान होत नाही, भुकेची आणि शुगरची संप्रेरकेही बदलतात. माझी शुगर वजन उतरायच्या आधीच, पहिल्या काही आठवड्यांत खाली आली.

डॉक्टरांनी धोकेही लपवले नाहीत. टाका गळू शकतो, पायात रक्ताची गाठ होऊ शकते, पुढे पित्ताचे खडे होऊ शकतात. चांगल्या ठिकाणी जिवाचा धोका हजारात एकाच्या आसपास असतो. पण तो शून्य नाही, हे ऐकूनच मी सही केली.

पहिले तीन महिने मी कोणालाही हे ऑपरेशन करा म्हणून सांगितले नसते. वाटीभर डाळीच्या पाण्याला अर्धा तास लागायचा. उलट्या झाल्या. चौथ्या महिन्यात केस मूठ-मूठ गळले. एक नातेवाईक येऊन बोलून गेल्या, "बिना मेहनतका रास्ता पकड़ी तू." मी त्यांना चहा दिला. मला स्वतःला त्यांच्यासोबत दोन घोटही पिता येत नव्हते.

मेहनत काय होती ते सांगते. वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही उतरतात. नुसते बारीक झाल्याने ताकद येत नाही. म्हणून रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत, अंडी, डाळ, दही, मासे, चिकन, आणि सोबत व्यायाम. फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझ्या सजद्याचा अभ्यासक्रमच बनवला. पहिल्या महिन्यात खुर्चीवरून हात न लावता उठायचे, दहा वेळा. दुसऱ्या महिन्यात खुर्चीऐवजी स्टूल. मग एकावर एक ठेवलेले तीन पाट. मग दोन. मग एक. सजद्याची जागाही तशीच खाली आणायची, आधी पलंगाच्या कडेवर दोन्ही हात टेकून पुढे झुकायचे, मग उशांच्या थप्पीवर, मग जानमाजवर. आमच्या बैठकीत पाटांची थप्पी कायम पडलेली असायची. येणारे-जाणारे विचारायचे, "लग्न आहे का घरात?"

गुडघ्यांचे गणित बाईंनी समजावले. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. म्हणजे आज माझे 41 किलो उतरले आहेत, तर गुडघ्यावरून दर पावलाला 160 किलोंच्या वर भार गेला. सिमेंटची तीन पोती उतरवून ठेवल्यासारखेच झाले.

पाचवा महिना सरला होता. जून 2023, बकरी ईदला चार दिवस होते. असरची वेळ. वुजूला बसले आणि लक्षात आले की मी कोणालाही हाक न मारता पाय धुते आहे, बोटांमधून बोट फिरवते आहे. ते आठवडाभरापूर्वीच जमायला लागले असावे, मला कळलेही नव्हते. जानमाज अंथरली. मुलगी मागे उभी राहिली, पडले तर धरायला. रुकू झाला. मग गुडघे टेकले, हात टेकले आणि कपाळ जमिनीला लागले. हदीसमध्ये सजदा सात अवयवांवर सांगितला आहे. कपाळ नाकासह, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे, दोन्ही पायांची बोटे. सातही जागा मी मनात मोजल्या. पाच वर्षांनी जानमाजचा वास आला. श्वास कोंडला नाही.

उठणे कठीण गेले. दुसऱ्या रकातीला हात टेकून, एक पाय पुढे घेऊन, म्हाताऱ्या बाईसारखी उठले. पण उठले. चार रकाती पूर्ण झाल्या. दिवसाच्या फर्ज नमाजांच्या 17 रकाती, म्हणजे फर्जचेच 34 सजदे. आपल्या दीनने बसणे, वाकणे, उठणे रोजच्या इबादतीतच ठेवले आहे. ज्याचे शरीर चालते त्याला त्याची किंमत कळत नाही. मलाही लहानपणी कळली नव्हती.

त्यानंतर एकेक गोष्ट परत आली, अशी की जिचे कोणी अभिनंदन करत नाही. पायात पाय अडकवून बसता आले. बुटाची नाडी स्वतः बांधली. दस्तरखानवर मांडी घालून बसले आणि भरलेले ताट हातात घेऊन उठले. सहस्रकुंड स्टेशनवर गाडीत चढताना दांडी धरून एका दमात वर गेले, मागून ढकलायला कोणी लागले नाही. काळी-पिवळीत एका सीटचे पैसे दिले, चौथी बाई शेजारी बसली आणि मला खूप बरे वाटले. मशीनवर बसून बेतायचे काम मी पुन्हा जमिनीवर चादर अंथरून करू लागले, गुडघ्यांवर सरकत सरकत.

2023 च्या पावसाळ्यात सगळे मिळून सहस्रकुंडला गेलो. पैनगंगा काळ्या खडकावरून फुटून पडते ते बघायला दुरून लोक येतात. मी इतक्या जवळ राहून कितीतरी वर्षे गेले नव्हते. परतीच्या वाटेवर धाकटी म्हणाली, "अम्मी, गाडीपर्यंत शर्यत." मी धावले. हरले, पण धावले. मला हजरत आयेशा (रजि.) यांची हदीस आठवली. प्रवासात प्रेषितांनी (स.) त्यांच्याशी शर्यत लावली तेव्हा त्या जिंकल्या. पुढे त्यांचे अंग भरले, पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि हसून म्हणाले की आज त्या दिवसाची फेड झाली. या हदीसमध्ये भरलेल्या अंगाचा उल्लेख आहे, पण टोमणा कुठेच नाही. हजरत सौदा (रजि.) शरीराने जड होत्या, चालणे संथ होते. मुजदलिफ्याच्या रात्री गर्दीच्या आधी निघू द्यावे, अशी परवानगी त्यांनी मागितली आणि ती त्यांना सहज मिळाली. जड माणसाशी कसे वागावे, ते या दोन प्रसंगांत आहे. एका ठिकाणी खेळ, दुसऱ्या ठिकाणी सवलत. आपल्या लग्नांत, दावतींत आपण काय करतो, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर माझे लिहिणे खोटे ठरेल.

2023 च्या रमजानला ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. रोजे ठेवायला डॉक्टरांनी मनाई केली, कारण मला एका वेळी दोन-तीन घोटांच्या वर पाणी पिता येत नव्हते आणि दिवसाचे पाणी रात्रीत भरून काढणे शक्य नव्हते. ते रोजे मी पुढे कजा केले. त्या ईदला मोहाने अर्धी वाटी शीरखुर्मा घेतला. पंधरा मिनिटांत घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधार. बायपासनंतर गोड पदार्थ घाईने आतड्यात उतरतो त्याचा हा परिणाम. ईदच्या दिवशी मी दोन तास पलंगावर होते. 2024 चे रोजे मात्र डॉक्टरांना विचारून, तपासण्या करून ठेवले. इफ्तारला एक खजूरही अर्धा-अर्धा करून खायचा, इफ्तार ते सहर घोट-घोट पाणी पीत राहायचे.

औषधे जन्माची आहेत. बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. बायपासनंतर शरीर हे पुरेसे शोषत नाही. गोळ्या सोडल्या तर रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, पायांना मुंग्या येतात. कॅप्सूलच्या कवचात जिलेटिन असते. ते कशाचे आहे हे विचारून मी शाकाहारी कवचाची किंवा साधी गोळी घेते. आणि एक गोष्ट ठळकपणे सांगते. बायपास झालेल्याने अंगदुखीच्या साध्या पेनकिलर गोळ्या मनाने घेऊ नयेत. दात दुखला म्हणून मी दुकानातून गोळ्या आणून आठवडाभर घेतल्या, कोणी काही विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. पोटात जखम झाली, काळी शौच झाली, दुर्बिणीने तपासावे लागले. चूक माझी होती. आता कोणत्याही डॉक्टरकडे गेले की पहिले वाक्य ऑपरेशनचे असते.

सैल कातडी आहे. सर्वांत कमी वजन 68 झाले होते, तिथून तीन किलो परत आले आहेत. अमेरिकेत असे ऑपरेशन झालेल्या दोन हजारांहून अधिक लोकांवर तीन वर्षे नजर ठेवली होती, त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर सुमारे 70 टक्के लोकांची हालचाल करण्याची क्षमता आधीपेक्षा चांगली होती. पण पहिल्या वर्षाला जितक्यांना फायदा दिसला होता, तितक्यांचा तो तिसऱ्या वर्षापर्यंत टिकला नाही. म्हणजे ऑपरेशन रस्ता मोकळा करते, चालायचे आपल्यालाच असते.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते.

सासूबाई, ज्या ऑपरेशनच्या विरोधात होत्या, त्याच नंतर माझ्या पाटांची थप्पी मांडायला लागल्या होत्या. मी जमिनीवरून उठले की त्या तोंडाने नुसते "हूं" करायच्या. 2024 च्या थंडीत त्यांचे दुखणे वाढले. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत खाली बसले होते. त्या म्हणाल्या, "अब तू उठ-बैठ सकती. मेरेकु तूच नहलाना." मी म्हटले, असे काय बोलता. त्या म्हणाल्या, "बोल हां." मी हो म्हटले.

फेब्रुवारी 2025 मध्ये, रमजानला पंधरा दिवस असताना, त्या गेल्या. बोरीची पाने घालून पाणी कोमट केले. नणंद, जाऊ आणि मी आत गेलो. उजव्या बाजूने सुरुवात केली, वुजूचे अवयव आधी. त्यांना डाव्या कुशीवर वळवले तेव्हा खांद्याखाली माझा हात होता आणि तो थरथरला नाही. तख्त्याशेजारी गुडघे टेकून मी त्यांच्या पायाच्या बोटांमधून पाणी फिरवले. शेवटच्या पाण्यात कापूर घातला. केस विंचरले. कफनाची पाच कापडे मीच बेतली होती, ती मीच गुंडाळली. कुठेही धाप लागली नाही, कोणी मला बाहेर खुर्ची दिली नाही.

अम्मीचे जे राहिले ते राहिलेच. ते सासूबाईंच्या गुसलने फिटले असे मी म्हणणार नाही. पण त्या रात्री अम्मी गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्यासाठी दुआ करताना माझ्या मनात शरम नव्हती.

बहिणींनो, माझे वाचून कोणी लगेच ऑपरेशनला निघू नये. पूर्वी बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत आजार, असेल तरच हा इलाज सांगत. 2022 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ही पातळी खाली आणली आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी 27.5 पासून विचार करावा असे म्हटले. आठवड्याला एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शनेही 2025 मध्ये आपल्या देशात आली आहेत. कोणाला चालणे आणि पथ्य पुरेल, कोणाला इंजेक्शन, कोणाला ऑपरेशन, हे तपासणीनंतरच ठरते. लग्न झालेल्या तरुण मुलींनी हेही विचारावे की ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात. आणि घरातल्या माणसांना विनंती, जड बाईला "कमी खा" एवढे सांगून मोकळे होऊ नका. ती दवाखान्यात जायला लाजत असेल तर सोबत जा.

भिशी पुन्हा सुरू केली आहे. सफा आणि मरवामधले अंतर सुमारे 450 मीटर आहे. सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरहून थोडे जास्त. फजरनंतर जावेला घेऊन मी स्टेशनच्या रस्त्यावर तेवढेच चालते. पूर्वी तिच्या दोन पावलांत माझे एक पडायचे, आता तीच म्हणते, "भाभी, जरा हळू." बोलावणे कधी येते ते अल्लाहच्या हातात आहे. माझ्याकडून पायांची तयारी चालू आहे.